दोन मिलिमीटरची गोलाई

सोफिया, ४ मार्च २०१४

प्रिय बाबा,

तुम्ही दोघं बरे असाल. आईने पाठवलेला मार्ताचा, मार्च लागला की बांधायचा, लाल-पांढरा दोरा शुक्रवारीच मिळाला, मनगटाला बांधला आहे. भाजलेल्या मिरच्यांची बरणीही धड पोचली. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आई निरोप देताना अर्धा स्वतःचाच घालते, म्हणून हे पत्र.

इथे सगळं ठीक आहे असं लिहिलं आणि तो कागद फाडला. ठीक नाही. गेले दहा दिवस मी इतकी चिडलेली आहे की परवा ट्रॅममध्ये तिकीट तपासणाऱ्या बाईने मला विचारलं, "मी काही केलंय का तुझं?"

प्रोफेसर काराबाशेव येत्या मे महिन्यात सत्तर वर्षांचे होतात. त्यानिमित्त विभाग गौरवग्रंथ काढतो आहे. पहिला लेख त्यांच्या कारकिर्दीवर आणि तो मी लिहायचा. विभागप्रमुख म्हणाले, "तू त्यांची शेवटची विद्यार्थिनी. शिवाय तुझी भाषा साधी असते. शिक्षण, पदं, धरणं, संशोधनाचे विषय, झालं. शेवटी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं तर उत्तम, पण चार पानांच्या आत येऊ दे."

मी हो म्हटलं. मला तेव्हा अभिमानच वाटला, तेही लिहून ठेवते. आपल्या घरात माझ्याआधी कुणी विद्यापीठाची पायरी चढलं नाही आणि मी एका प्रोफेसरांची कारकीर्द लिहिणार होते. "संशोधनाचे विषय" अशा मथळ्याखाली मी व्यवस्थित यादी केली: सांडव्यांचे आकार, उघड्या कालव्यांतला प्रवाह, पाण्यात मिसळणारी हवा, धरणाच्या दारांखालचे भोवरे. ती यादी अजून टेबलावर पडली आहे. तिच्याकडे पाहिलं की कानशिलं तापतात.

साहित्य जमवायला मी त्सोन्काबाईंकडे गेले. तुम्हाला आठवत असतील, तुम्ही प्रयोगशाळेत सुतार होता तेव्हा त्या प्रोफेसरांची पत्रं टाइप करायच्या. अजून आहेत. त्यांनी कपाट उघडलं आणि प्रोफेसरांच्या जुन्या वह्यांची खोकी माझ्या अंगावर ढकलली. "ने सगळं, पोरी. धूळ तेवढी परत आणू नकोस. आणि तुझ्या बापाला, गेंचोला सांग, त्याने केलेलं माझं स्टूल अजून डुगडुगत नाही. हल्ली सगळंच डुगडुगतं, माणसंसुद्धा."

त्या वह्या मी वाचल्या. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

मग प्रयोगशाळेच्या तळघरात गेले. तुम्ही १९९२ साली केलेली नागमोडी सांडव्याची लाकडी प्रतिकृती तिथे अजून आहे. मी लहानपणी तिला एकॉर्डियन म्हणायचे, कारण भिंत तशीच आत-बाहेर घड्या घेत जाते. त्याच रुंदीत भिंत तिप्पट लांब बसते आणि तिच्यावरून तितकं जास्त पाणी जातं, हे मला पहिल्यांदा तुम्हीच समजावलं होतं, प्रोफेसरांनी नाही. बाबा, एकही सांधा उघडलेला नाही. पण तिच्यावर कुणीतरी सायकल टेकवून ठेवली होती. मी ती सायकल उचलून बाहेर गल्लीत उभी केली. नंतर कळलं, विभागप्रमुखांची होती. बरं झालं.

तर एक छोटी चौकशी. आराखड्यात त्या भिंतीचा माथा सपाट आणि दोन्ही कडा काटकोनी आहेत, धारदार. भिंत जोडून झाल्यावर तुम्ही त्या वरच्या कडांना काय करत होता? नुसती माहिती हवी आहे. घाई नाही.

खरं तर घाई आहे. ओरेशाच्या मातीच्या धरणाची उंची वाढवताहेत आणि त्याला हाच सांडवा बांधताहेत. भिंती उभ्या राहिल्या आहेत. सर्वांत वरचा थर, म्हणजे माथा, ईस्टरनंतर ओतणार. काँक्रीट एकदा घट्ट झालं की मग त्याच्याशी बोलून उपयोग नसतो.

माझा प्रबंध याच माथ्यावर आहे हे तुम्हाला माहीतच आहे. त्याबद्दलही आत्ता काही नाही.

आईला नमस्कार. उत्तर तुमच्या हाताने लिहा, आईच्या नको.

तुमची,
स्विलेना


सोफिया, २३ मार्च २०१४

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं. चार ओळी. एक आईच्या गुडघ्याची, एक कुत्र्याची. उरलेल्या दोन मला पाठ झाल्या आहेत: "कडेला गोलाई मी दिली, ओल्या लाकडाची उघडी कड दोन दिवसांत सोलवटते. चूक माझी होती, साहेबांनी तेव्हा सांभाळून घेतलं, तू यात पडू नकोस."

बाबा, तुम्हाला चूक कुणी विचारली होती? मी कड विचारली होती.

मीही तुमच्याशी सरळ वागले नाही. चौकशी करायच्या आधीच मला उत्तर माहीत होतं. तळघरात मी त्या माथ्यावरून अंगठा फिरवला होता आणि कुठेही टोचलं नव्हतं. त्याच्याही आधी मी वही वाचली होती. ११ नोव्हेंबर १९९२ चं पान, प्रोफेसरांचं अक्षर: "गेंचोने माथ्याची कड मोडली आहे. पाण्याच्या बाजूने सुमारे २ मिमी. मोजलेला विसर्ग त्यामुळे ७ टक्के जास्त येत असावा. काटकोनी माथा करून पुन्हा मोजणे?" शेवटी प्रश्नचिन्ह. पुढच्या पानावर दुसराच विषय. त्यानंतरच्या सहा वह्यांत या गोष्टीचा एक शब्द नाही.

तुम्हाला हे कुणी नीट सांगितलं असेल असं वाटत नाही, म्हणून मी सांगते. प्रतिकृती पंचवीसपट लहान होती, म्हणजे तुमचे दोन मिलिमीटर खऱ्या भिंतीवर पाच सेंटिमीटर. धारदार कडेवर पाणी आपटून वर उसळतं. गोल कडेवरून ते अंग चोरून, भिंतीला चिकटून जातं, आणि जास्त जातं. तुमच्या माथ्यावरून खरोखरच जास्त पाणी गेलं. ते मोजलं, ते बरोबर मोजलं. मग प्रोफेसरांनी आपल्या पुस्तकात आकडे छापले तुमच्या लाकडाचे आणि चित्र छापलं काटकोनी माथ्याचं. त्या चित्रावरून तीन धरणांचे सांडवे काँक्रीटमध्ये ओतले, सगळे धारदार. ते पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा सात टक्के कमी पाणी सोडतात. अजून मोठा पूर आला नाही म्हणून कुणाला कळलं नाही, एवढंच.

ओरेशाच्या हिशेबात सात टक्के म्हणजे मोठ्या पुरात तलावाचं पाणी वीतभर जास्त चढणार. धरण मातीचं आहे. लाटांसाठी वर हातभर जागा ठेवली आहे, त्यातली वीत गेली. धरण उद्या फुटेल असं मी म्हणत नाही. मी म्हणते, जे लिहिलंय ते खरं नाही आणि खाली माणसं राहतात.

मी गेल्या सोमवारी प्रोफेसरांच्या घरी गेले. ते स्वयंपाकघरात सफरचंद सोलत बसले होते. मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली.

"ही कुठे मिळाली?"

"तुमच्या कपाटात."

"त्सोन्काने आयुष्यात एक कपाट नीट आवरलं असतं तर." त्यांनी चाकू खाली ठेवला नाही. "बस. सफरचंद घे."

"सात टक्के, सर."

"सहा पूर्णांक आठ," ते म्हणाले.

बाबा, सहा पूर्णांक आठ हा आकडा अंदाजाने येत नाही. म्हणजे त्यांनी पुन्हा मोजलं होतं. काटकोनी माथा दुसऱ्या कुणाकडून करून घेऊन, पाणी सोडून, नीट मोजलं होतं आणि ती वही मात्र कपाटात ठेवली नव्हती.

मी तसं म्हटल्यावर ते हसले. "सुताराची मुलगी. शेवटी कडच बघणार."

"सुताराने बघितली म्हणून तर तुमचे आकडे चांगले आले."

"तू सात वर्षांची होतीस तेव्हा," ते म्हणाले. "तुला काय माहीत ते दिवस. संस्था रोज एक बंद होत होती. आराखडा मंत्रालयात गेला होता. 'माफ करा, आम्ही भलतीच प्रतिकृती मोजली' असं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लागलं असतं. चाळीस माणसं रस्त्यावर. तुझा बाप त्यात पहिला."

"त्र्याण्णव साली ठीक. चौऱ्याण्णव साली? दोन हजार चार साली?"

"ते वाढत जातं," ते म्हणाले. पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. "पहिल्या महिन्यात एका ओळीचं पत्र पुरलं असतं. पाच वर्षांनी पानभर लागलं असतं. आता तू सांग, आता किती लागेल?" मग लगेच पुन्हा नेहमीचा सूर. "आणि तुझ्या बापाला मी सांभाळलं, हे विसरू नकोस. त्याचं नाव मी कुठेही येऊ दिलं नाही."

हे ऐकल्यावर मला काय झालं ते मला नीट लिहिता येत नाही. ट्रॅममध्ये बसल्यावरही राग उतरला नाही. कारण त्यांना त्या एका ओळीत फक्त एवढंच लिहायचं होतं: कड गोल करा. पुन्हा मोजायचं नाही, धरण पाडायचं नाही, कुणाला कामावरून काढायचं नाही. आराखड्यातल्या काटकोनाच्या जागी छोटी कमान काढली असती की आकडे आपोआप खरे झाले असते. तुमचा हात बरोबर होता, बाबा. कागद चुकला होता. आणि कागद दुरुस्त केला नाही, कारण मग लिहावं लागलं असतं की त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काराबाशेव माथ्याचा सर्वांत चांगला भाग प्रयोगशाळेतल्या सुताराने पॉलिश कागदाने घासून घडवला. मी हे त्यांना तोंडावर म्हटलं. त्यांनी सफरचंदाच्या चार फोडी केल्या आणि बिया काढल्या.

उलट तुम्हाला बोलावून सांगितलं की तू बिघडवलंस, पण मी सांभाळतो. हो ना? म्हणून तुम्ही १९९३ च्या वसंतात नोकरी सोडून गावी आलात. आई आम्हाला सांगायची, शहराची हवा मानवत नव्हती. एकवीस वर्षं तुम्ही लोकांची दारं आणि कपाटं केलीत आणि मनात धरून बसलात की आपण एका मोठ्या माणसाच्या कामाची माती केली. एकदा तरी विचारायचं होतं, "साहेब, माझ्या कडेने पाणी जास्त गेलं की कमी?" एकच प्रश्न. तुम्ही फळी विकत घेताना दुकानदाराला वीस प्रश्न विचारता.

मला प्रोफेसरांचा जितका राग येतो तितकाच तुमचा येतो. कदाचित थोडा जास्तच, कारण त्यांच्याकडून मी आता काही अपेक्षा करत नाही.

बुधवारी मी ओरेशाला जाऊन आले. धरणाखालच्या दोल्ना ओरेशात, नदीकाठच्या बाकावर गिना नावाच्या एक आजी कांद्याची रोपं घेऊन बसल्या होत्या. मी वर भिंतीकडे बघत होते.

"इंजिनिअर आहेस?"

"पाण्याचा अभ्यास करते."

"मग अभ्यास कर आणि जा. आम्ही चाळीस वर्षं नुसता पाऊस मोजला. आता मोठे प्रोफेसर आलेत म्हणे, त्यांनी सांगितलंय, झोपा. मी गाद्या खालच्या खोलीत आणल्या. गुडघे चढू देत नाहीत, आणि वर राहायचं कारणही उरलं नाही."

त्यांच्याकडून मी रोपांच्या तीन जुड्या घेतल्या. मला बाल्कनीसुद्धा नाही.

आता ते, जे मी पहिल्या पत्रापासून टाळते आहे. या पत्रातही इथपर्यंत टाळलं.

२०१० च्या हिवाळ्यात मी या सांडव्याचा प्रवाह संगणकावर मांडला होता. आराखड्याबरहुकूम, काटकोनी माथा. उत्तर पुस्तकापेक्षा सात टक्के कमी आलं. हिशेबासाठी पाण्याचे चौकोन पाडतात ती जाळी बारीक केली, तरी तेच. प्रोफेसरांना दाखवलं. ते म्हणाले, "पाणी खोटं बोलत नाही, संगणक बोलतो. जुळव." पाण्यातली खळबळ मोजायला आम्ही काही स्थिरांक वापरतो. ते रेडिओच्या बटणासारखे थोडे फिरवता येतात, आवाज स्वच्छ येईपर्यंत. मी तीन आठवडे फिरवले. इतके फिरवले की तसा आकडा जगात कुणी वापरत नाही. मग आलेखावरच्या दोन्ही रेघा, माझी आणि पुस्तकातली, एकमेकींवर बसल्या.

मला तेव्हा कळत होतं. कुठे चुकतंय ते कळत नव्हतं, पण काहीतरी दाबून बसवलंय हे कळत होतं. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांपैकी एकाने विचारलंही होतं, "हा स्थिरांक जरा मोठा वाटत नाही?" मी म्हटलं, "प्रयोगाशी जुळतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही तिसऱ्या रांगेत लग्नातला कोट घालून बसला होता. नंतर तुम्ही चॉकलेटचा डबा घेऊन सगळ्यांपुढे फिरलात, आणि प्रोफेसरांनी तुमचा हात हातात घेतला तेव्हा तुम्ही खाली बघितलंत. मला वाटलं, लाजलात.

घरातली पहिली पदवी, तिच्यावरची ही दुसरी पदवी, आणि ती त्या बटणावर उभी आहे.

गेल्या आठवड्यात मी सगळं गणित पुन्हा मांडलं. एकही स्थिरांक हलवला नाही. फक्त माथ्याला पाण्याच्या बाजूने दोन मिलिमीटरची गोलाई दिली. रेघा आपोआप जुळल्या, एक टक्क्याच्या आत. मी पडद्यासमोर बसून रडले आणि मग रडल्याचाही राग आला.

तेव्हा "यात पडू नकोस" हे मला सांगू नका. मी २०१० पासून यात आहे. धरणाच्या परवान्याचा आयोग आहे, त्यांना मी लिहिणार आहे. प्रोफेसरांना मी तसं सांगितलं आहे आणि आठवडाभर दिला आहे, त्यांनी स्वतः लिहावं म्हणून. तुमची परवानगी मागत नाही. तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते.

स्विलेना


सोफिया, ९ एप्रिल २०१४

बाबा,

तुमचा निरोप आईने फोनवर सांगितला: "म्हणावं, पदवी सांभाळ, बाकीचं देव बघेल." यात आईचं किती आणि तुमचं किती, मी मोजत बसले नाही.

आठवडा संपला. प्रोफेसरांनी लिहिलं नाही. त्यांनी मला एक चिठ्ठी पाठवली, सुंदर अक्षरात: "तुझ्या उतावळेपणाला मी तारुण्य समजतो." मी ती पाकिटातच ठेवली आणि २ एप्रिलला आयोगाच्या कार्यालयात जाऊन अर्ज दिला. सोबत वहीच्या पानाची प्रत, काटकोनी आणि गोल अशा दोन्ही माथ्यांचं गणित आणि आधीच्या तीन धरणांची नावं. माझ्या प्रबंधातला स्थिरांक मी कसा आणला तेही लिहिलं. त्याच दिवशी विद्यापीठाला वेगळं पत्र दिलं की माझा प्रबंध पुन्हा तपासावा.

विभागप्रमुखांनी मला दार लावून विचारलं, "तुला बरं आहे ना? स्वतःची पदवी कोण तपासायला देतं?"

"ज्याला ती हवी असते तो."

"काढून घेतली तर?"

"तर घेतली."

असं म्हटलं खरं. बाहेर येऊन जिन्यावर दहा मिनिटं बसले. पदवी गेली तर नोकरी जाईल, हे मला कळतं. तुम्ही गावात ज्याला त्याला "आमची डॉक्टर" म्हणून सांगत फिरलात, तेही कळतं. तुमच्यावर चिडायला सोपं जातं म्हणून मी तुमच्यावर चिडते, असं आई म्हणाली. असेल. पण राग खराच आहे.

गौरवग्रंथासाठीचा लेख मी लिहून दिला. चार पानांच्या आत. शिक्षण, पदं, धरणं, सगळं, आणि त्यांच्या कामाबद्दल जे चांगलं आहे ते मनापासून, कारण ते खरंच मोठे शिक्षक आहेत आणि त्यामुळेच मला इतकं लागलं. "संशोधनाचे विषय" या मथळ्याखाली मी एक परिच्छेद घातला: "नागमोडी सांडव्याच्या माथ्याची गोलाई १९९२ साली प्रयोगशाळेतील सुतार गेंचो द्रुमेव यांनी दिली. तिच्यामुळे विसर्ग ६.८ टक्क्यांनी वाढला. प्रोफेसर काराबाशेव यांना हे माहीत होते." लेख परत आला, जागेअभावी. त्सोन्काबाई म्हणाल्या, "जागा आहे. मी मोजली. शेवटी नऊ पानं कोरी सोडलीत, लोकांनी शुभेच्छा लिहाव्यात म्हणून."

काल आयोगाच्या एका इंजिनिअरबाईंचा फोन आला. आवाज कोरडा होता, पण कागद वाचले होते.

"तुमचं गणित आमच्या माणसाने करून बघितलं. माथ्याचं काँक्रीट आम्ही २४ तारखेपर्यंत थांबवलंय, त्याच्या पुढे नाही. आता मला सांगा, गोलाई दोन्ही कडांना की एकाच? नेमकी कशी?"

मी म्हटलं, प्रतिकृतीवर मोजता येत नाही. बावीस वर्षांत लाकूड फुगलंय, सायकलीने कड चेपली आहे. कुठे दीड मिलिमीटर येतात, कुठे तीन.

"मग कुणाला माहीत आहे? वर सेंट्रिंगवाले सुतार आहेत. त्यांना फळीवर घासून दाखवावं लागेल. ते चित्र बघून काम करत नाहीत, हात बघून करतात."

"एक माणूस आहे," मी म्हटलं. "तो येईल की नाही ते मी सांगू शकत नाही."

"का? आजारी आहेत?"

"नाही. त्यांना वाटतं, चूक त्यांची आहे."

त्या म्हणाल्या, "माझे वडील भट्टीवर होते. कळलं. मंगळवारी सकाळी नऊला, धरणावर."

तर मंगळवार, १५ एप्रिल. तुमच्या फाट्यावरून पावणेसहाची बस आहे. मी ओरेशाच्या थांब्यावर उभी असेन. तिथे तुम्हाला कुणी माफी मागायला बोलावलेलं नाही. चार सुतार तुमच्या हाताकडे बघणार आहेत आणि तुम्ही त्यांना दाखवायचं आहे की पाण्याकडची कड किती मोडायची, मागची किती, आणि का. कान जड आहेत ही सबब चालणार नाही, तिथे सगळे ओरडूनच बोलतात. आला नाहीत तर मी स्वतः घासून दाखवीन, चुकत-माकत, आणि जन्मभर तुम्हाला माफ करणार नाही.

अजून एक गोष्ट, जी तुम्हाला आवडणार नाही. "माझं नाव कुठे आणू नकोस" असं तुम्ही आईला दोनदा सांगितलंत म्हणे. सरकारी अर्जाखाली तिन्ही नावं लिहावी लागतात. पहिलं आईने ठेवलं, शेवटचं आजोबांचं, मधलं तुमचं. लिहिताना माझा हात अडला नाही. आयोगाच्या नोंदवहीत ते आता शिक्क्यासह चढलं आहे, विद्यापीठाच्याही. ते खोडायचं तर मलाच खोडावं लागेल.

अजूनही रागावलेली, तुमचीच,

स्विलेना गेंचेवा द्रुमेवा